राख आणि गंधक: एकलहऱ्याच्या धुराचा हिशेब



स्मृतिव्याख्यानाला विषय मोठा असावा, देशाचा असावा, असा रिवाज आहे. मी विषय आणला आहे तो या सभागृहापासून काही किलोमीटरवरचा. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांचा.

समोर नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले आहेत, थर्मलमध्ये ज्यांची हयात गेली असे आहेत, सामनगाव, कोटमगाव, हिंगणवेढ्याहून आलेले शेतकरी आहेत. राख म्हणजे काय हे तुम्हाला शिकवायला मी उभा राहिलेलो नाही. वाळत घातलेल्या कपड्यांवरची, ओट्यावरची, पिकाच्या पानांवरची राख तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिली आहे. मला बोलायचं आहे ते डोळ्यांना न दिसणाऱ्या राखेबद्दल, आणि ती राख गंधकाशी काय करते याबद्दल.

प्रदूषणाचा तक्ता तुम्ही पाहिला असेल. एका रकान्यात धूलिकण, दुसऱ्यात सल्फर डायऑक्साइड, तिसऱ्यात नायट्रोजनचे ऑक्साइड. प्रत्येकाची मर्यादा वेगळी, मोजणी वेगळी, शेरा वेगळा. माझं म्हणणं असं आहे की कोळशाच्या धुरात राख आणि गंधक अशी वेगवेगळी राहतच नाहीत. भट्टीत ती एकत्र असतात, चिमणीत एकत्र असतात, हवेत आणि आपल्या फुप्फुसातही एकत्रच जातात. आणि ११ जुलै २०२५ रोजी आपल्या देशात गंधकाबद्दल जो निर्णय झाला, तो हे रकाने वेगवेगळे धरून झाला. म्हणून हा विषय घेतला.

आधी थोडे आकडे. एकलहऱ्याला १९७०-७१ च्या सुमारास १४० मेगावॉटचे दोन संच आले. ते आता निवृत्त झाले. १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॉटचे तीन संच उभे राहिले. मिळून ६३० मेगावॉट. हे तिन्ही संच चोवीस तास पूर्ण भाराने चालले असं क्षणभर धरा. रोज तसे चालत नाहीत, पण हिशेबाला सोपं जातं. विजेच्या एका युनिटला सातशे ग्रॅम कोळसा धरला, तर दिवसाला सुमारे साडेदहा हजार टन कोळसा लागतो. आपल्या देशी कोळशात राख भरपूर असते, तीस ते पंचेचाळीस टक्के. पस्तीस धरू. म्हणजे रोज सदतीसशे टन राख. त्यातली जड राख बॉयलरच्या तळाशी पडते, उरलेली ऐंशी टक्क्यांच्या आसपास धुराबरोबर उडते. जवळपास तीन हजार टन. ती पकडायला ईएसपी असतो, म्हणजे विजेच्या जोरावर धूळ ओढून घेणारी यंत्रणा. ती साडेनव्व्याण्णव टक्के राख पकडते असं मानलं, तरी पंधरा टन चिमणीतून बाहेर जाते.

आता गंधक. देशी कोळशात ते कमी असतं, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. आपण त्याहूनही कमी, ०.४ टक्के धरू. साडेदहा हजार टनांत बेचाळीस टन गंधक. जळताना गंधकाच्या प्रत्येक अणूला प्राणवायूचे दोन अणू चिकटतात आणि वजन दुप्पट होतं. म्हणजे दिवसाला चौऱ्याऐंशी टन सल्फर डायऑक्साइड. त्याला पकडायला ईएसपीचा उपयोग नाही, कारण तो वायू आहे.

पंधरा टन राख आणि चौऱ्याऐंशी टन वायू. आपण ओरड कशाची करतो? राखेची, कारण ती दिसते. देशी कोळशात गंधक कमी आहे, हे वाक्य तुम्ही अनेकदा ऐकलं असेल. ते खरंच आहे. पण कमी टक्केवारीचा कोळसा डोंगराएवढा जाळला, तर वायूही डोंगराएवढाच निघतो. नासाच्या उपग्रह नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. २००७ पासून चीनचं सल्फर डायऑक्साइडचं उत्सर्जन पंचाहत्तर टक्क्यांनी घटलं आणि भारताचं पन्नास टक्क्यांनी वाढलं, असं त्यात दिसून आलं.

नाशिककरांना गंधक नवा नाही. बागेवर भुरी आली की आपण गंधकच मारतो. द्राक्षाच्या निर्यातीच्या पेटीत घडांवर जो कागद ठेवतात, त्यातूनही सल्फर डायऑक्साइडच सुटतो आणि घडाला बुरशीपासून वाचवतो. पदार्थ तोच, पण तो किती आहे, कुठे आहे आणि कोणाच्या सोबतीने आहे, यावर त्याचा गुण ठरतो. धुरात ही सोबत म्हणजेच बारीक राख.

चला, बॉयलरच्या आत जाऊ. कोळसा मिलमध्ये पिठासारखा दळून भट्टीत फुंकला जातो. ज्वाळेत त्यातली खनिजं वितळतात आणि थंड होताना काचेसारख्या गोल कणांची राख बनते. हे कण दहा-वीस मायक्रॉनचे. यांना ईएसपी चांगलं पकडतो. पण खनिजांतला थोडासा भाग त्या प्रचंड उष्णतेत वाफ होऊन जातो. सोडियम, आर्सेनिक, थोडं लोह, थोडी सिलिका. पुढे धूर निवू लागला की ही वाफ पुन्हा घट्ट होते आणि मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढे सूक्ष्म कण तयार होतात. वजनाने ते एकूण राखेच्या एखाद्या टक्क्याएवढेच भरतात. मग त्यांची काळजी कशाला?

कारण वजन फसवतं. गुळाचा खडा दुधात टाकला तर विरघळायला वेळ लागतो, तोच गूळ किसून टाकला की लगेच विरघळतो. गूळ तेवढाच असतो, उघडा पृष्ठभाग वाढलेला असतो. दहा मायक्रॉनच्या एका कणाचे ०.१ मायक्रॉनचे तुकडे केले, तर दहा लाख कण होतात आणि पृष्ठभाग शंभरपट होतो. वायू कणाला भेटतो तो पृष्ठभागावरच. म्हणून धुरातल्या गंधकाला सूक्ष्म राखेवर तिच्या वजनाच्या मानाने फार मोठी जागा मिळते.

त्या पृष्ठभागावर काय घडतं? परस्परविरुद्ध दोन गोष्टी घडतात. राखेत चुना असेल, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड असेल, तर तो गंधकाला बांधून ठेवतो. काही लिग्नाइटच्या राखेत चुना पुष्कळ असतो आणि तिथे थोडं गंधक आपोआप राखेतच अडकतं. आपल्या दगडी कोळशाच्या राखेत मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना, चुना अगदी थोडा. त्यामुळे ही फुकटची मदत आपल्याला फारशी मिळत नाही. दुसरी गोष्ट लोहाची. राखेतलं लोहाचं ऑक्साइड सहाशे-सातशे अंश तापमानाच्या पट्ट्यात सल्फर डायऑक्साइडला आणखी एक प्राणवायूचा अणू जोडून देतं. तयार होतो सल्फर ट्रायऑक्साइड. एकूण वायूच्या साधारण एक टक्काच असा बदलतो. पण हा एक टक्का पाण्याच्या वाफेशी मिळून सल्फ्युरिक आम्ल होतो. धूर एअर प्रीहीटरच्या पुढे दीडशे अंशांच्या खाली उतरला की ते आम्ल घट्ट व्हायला जागा शोधतं. सगळ्यात जास्त जागा कोणाकडे? सूक्ष्म राखेकडे. म्हणजे चिमणीच्या तोंडाशी येईपर्यंत कित्येक सूक्ष्म कणांच्या अंगावर आम्लाचा पातळ थर चढलेला असतो.

थर्मलमधल्या मंडळींना पुढचा भाग ठाऊक असेल. ईएसपीमध्ये राखेचा कण आधी विद्युतभारित करावा लागतो, मग तो पत्र्याला चिकटतो, आणि पत्र्यावर आपला भार सोडून देतो. राख विजेला फारच विरोध करणारी असेल तर भार सुटत नाही. पत्र्यावरच्या थरात उलट्या ठिणग्या पडू लागतात आणि पकडलेली राख पुन्हा धुरात उडते. देशी कोळशाच्या राखेचा हा जुना रोग. आणि तो आहे कशामुळे? सिलिका-ॲल्युमिना जास्त म्हणून, आणि गंधक कमी म्हणूनसुद्धा. राखेवर आम्लाचा थर असला की ती विजेला वाट देते. त्यामुळे कमी गंधकाचा कोळसा जाळणाऱ्या कित्येक केंद्रांत ईएसपीच्या आधी धुरात मुद्दाम अमोनिया किंवा सल्फर ट्रायऑक्साइड सोडतात. राख पकडता यावी म्हणून धुरात थोडंसं गंधक घालावं लागतं! या एका गोष्टीवरून ओळखा, की ज्याने राखेचा रकाना लिहिला त्याला गंधकाचा रकाना झाकून ठेवता येत नाही.

आणि इतकं करूनही ईएसपीची पकड नेमकी कुठे सैल पडते? ०.१ ते १ मायक्रॉनच्या टप्प्यात. ज्यांच्या अंगावर सर्वांत जास्त आम्ल आणि धातू आहेत, तेच कण सगळ्यात सहज निसटतात. ईएसपीची साडेनव्व्याण्णव टक्के क्षमता वजनावर मोजलेली असते. कणांच्या संख्येवर मोजली तर चित्र निराळं दिसेल.

आता चिमणीबाहेर येऊ. उंच चिमणीवर आपला फार विश्वास. आपल्याकडे २०० ते ५०० मेगावॉटच्या संचांना २२० मीटरच्या चिमणीचा नियम झाला, ५०० आणि त्याहून मोठ्यांना २७५ मीटरचा. उंची वाढली की जवळच्या गावावरचा भार हलका होतो, हे खरं. पण वायू नाहीसा होत नाही. युरोपने हाच प्रयोग आपल्याआधी केला होता. १९६७ मध्ये स्वान्ते ओडेन या स्वीडनच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की त्यांच्या तळ्यांत पडणारं आम्ल दूरच्या औद्योगिक देशांतून वाऱ्याबरोबर येतं आहे.

वाटेत सल्फर डायऑक्साइडचं सल्फेट होतं. कोरड्या हवेत ही क्रिया सावकाश चालते, काही दिवस घेते. पण ढगात, धुक्यात, कणाभोवतीच्या ओलाव्यात ती फार वेगाने होते. आणि तिला वेग देणाऱ्यांत कोण आहे? लोह आणि मँगेनीज. राखेतलेच धातू. कणावर चढलेलं आम्ल राखेतलं लोह विरघळवतं, विरघळलेलं लोह आणखी सल्फेट बनवायला मदत करतं. मग शेतातल्या युरियातून आणि गोठ्यातून उठणारा अमोनिया त्याला मिळतो आणि अमोनियम सल्फेट तयार होतं. वजनाचा हिशेब पाहा. एक टन सल्फर डायऑक्साइड पूर्ण बदलला तर दोन टनांहून थोडं अधिक अमोनियम सल्फेट होतं. चिमणीच्या तोंडाशी जो वायू होता, तो शंभर-दोनशे किलोमीटरवर धूळ झालेला असतो. आणि ती धूळ सूक्ष्म धूलिकणांच्या पीएम २.५ या रकान्यात मोजली जाते, कोणत्याही चिमणीच्या नावावर न पडता.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. सगळी धूळ गंधकाला साथ देते असं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत खेमानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात आपल्याकडच्या ढगांचं आणि पावसाचं पाणी तपासलं. युरोप-अमेरिकेत पाऊस आम्ल झालेला असताना आपला पाऊस अल्कधर्मी निघाला. कारण आपल्या मातीची चुनखडीयुक्त धूळ आम्लाला मारते. पण ती धूळ जाडी असते, लवकर खाली बसते. सूक्ष्म राखेच्या अंगावरचं सल्फेट मात्र कित्येक दिवस तरंगत राहतं. म्हणून आपला पाऊस आम्ल नाही एवढ्यावरून आपली हवा सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही.

आणि आपली जागा पाहा. गोदावरीचं खोरं, पलीकडे निफाड, जिथलं किमान तापमान थंडीत दरवर्षी बातमीत असतं. अशा थंड, निवांत रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची ऊबदार असते. धूर वर उठत नाही, पहाटे नदीवर धुकं बसतं. सल्फेट तयार व्हायला जे जे लागतं, ते ते या काळात इथे हजर असतं.

शरीराकडे वळतो, कारण शेवटी हिशेब तिथेच होतो. सल्फर डायऑक्साइड पाण्यात पटकन विरघळतो. नुसता वायू श्वासात आला तर बराचसा नाका-घशातच थांबतो. फुप्फुसाच्या तळापर्यंत त्याला जायचं तर वाहन लागतं, आणि ते वाहन म्हणजे सूक्ष्म कण. हे प्रयोगाने दाखवणाऱ्या बाईंचं नाव मी मुद्दाम सांगतो: मेरी ॲमडर. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डोनोरा या नदीकाठच्या गावात ऑक्टोबर १९४८ मध्ये जस्ताच्या आणि पोलादाच्या कारखान्यांचा धूर धुक्यात कोंडला आणि वीस माणसं गेली. त्याआधी १९३० च्या डिसेंबरात बेल्जियममधल्या म्यूझ नदीच्या खोऱ्यात साठांहून अधिक गेली होती. डोनोरानंतर ॲमडर हार्वर्डमध्ये काम करू लागल्या. सल्फ्युरिक आम्लाच्या सूक्ष्म थेंबांचा फुप्फुसावर काय परिणाम होतो हे त्यांनी गिनीपिगवर तपासलं. तिथल्या संशोधनाला पैसा धातू वितळवणाऱ्या एका कंपनीचा होता. १९५३ मध्ये त्यांना शोधनिबंध मागे घ्यायला सांगण्यात आलं. त्यांनी नकार दिला आणि त्यांची नोकरी गेली. त्या थांबल्या नाहीत. नव्या जागी त्यांनी काम पुढे नेलं आणि दाखवून दिलं, की वायूची मात्रा तीच ठेवून सोबत सूक्ष्म कण दिले की त्रास वाढतो, आणि कण जितके बारीक तितका अधिक वाढतो. १९८० च्या दशकात त्यांनी कोळशाच्या भट्टीसारखी परिस्थिती प्रयोगशाळेत तयार केली. आम्लाचा थर चढलेले धातूच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसाची वायू शोषण्याची ताकदच घटवतात, हे त्यातून पुढे आलं. अमेरिकेच्या विषशास्त्र संस्थेने १९९७ मध्ये त्यांचा सन्मान केला, पुढच्याच वर्षी त्या गेल्या.

५ ते ९ डिसेंबर १९५२ चं लंडनचं धुकं सर्वांना माहीत आहे. सुरुवातीचा अंदाज चार हजार मृत्यूंचा होता, नंतरच्या अभ्यासांनी तो बारा हजारांपर्यंत नेला. काजळी होती, गंधक होतं, धुकं होतं. यातलं एकेकटं कोणीही एवढा संहार केला नसता.

एवढं सगळं डोळ्यांसमोर ठेवून आपल्या नियमांकडे पाहू. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने औष्णिक केंद्रांना पहिल्यांदा गंधकाची मर्यादा घातली. पाचशे मेगावॉटपेक्षा लहान जुन्या संचांना प्रति घनमीटर धुरात ६०० मिलिग्रॅम, मोठ्यांना २००, नव्यांना १००. मुदत दोन वर्षांची होती. ती वाढली, पुन्हा वाढली, पुन्हा वाढली. आणि ११ जुलै २०२५ रोजी देशातल्या तीन-चतुर्थांशांहून अधिक संचांना चिमणीच्या उंचीची अट पाळली की गंधकाच्या मर्यादेतून सूट मिळाली. या निर्णयामागचं म्हणणं मी प्रामाणिकपणे मांडतो: देशी कोळशात गंधक कमी, केंद्रांच्या आसपास हवेत सल्फर डायऑक्साइड मर्यादेच्या आत सापडतो, गंधक काढणारी यंत्रणा महाग, शिवाय तिच्यात चुनखडी वापरली की थोडा कार्बन डायऑक्साइड वाढतो. हे मुद्दे खोटे नाहीत. पण हवेत सल्फर डायऑक्साइड कमी सापडतो, याचा एक अर्थ असाही असतो की त्याचं सल्फेट झालेलं आहे. ते पुढच्या रकान्यात गेलेलं आहे. एका रकान्यात हवा स्वच्छ ठरवायची आणि दुसऱ्या रकान्यातल्या धुळीसाठी रस्त्यावर पाणी मारायचं, ही हिशेबाची रीत मला मान्य नाही.

महाराष्ट्राला हे काम नवं आहे का? मुळीच नाही. मुंबईत ट्रॉम्बेला समुद्राच्या पाण्याने धुरातलं गंधक धुण्याची यंत्रणा देशात सर्वांत आधी बसली. डहाणूत चिकूच्या बागांच्या शेजारी ५०० मेगावॉटचं केंद्र उभं राहिलं. तिथे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं, त्या प्राधिकरणाने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २००७ मध्ये गंधक काढणारी यंत्रणा सुरू झाली. डहाणूच्या चिकूला जी काळजी मिळाली, ती नाशिकच्या द्राक्षाला आणि नाशिक रोडच्या माणसांना का मिळू नये?

सगळ्यांना सूट मिळालेली नाही, हे नीट लक्षात घ्या. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आत असलेल्या केंद्रांना डिसेंबर २०२७ पर्यंत मर्यादा पाळायची आहे. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. एकलहरे किती लांब आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. शिवाय राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नाशिक हे हवेची मानकं न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत आहे.

थर्मलमधल्या कामगार बंधूंना मी वेगळं सांगतो. हे बोलणं तुमच्या रोजगाराविरुद्ध नाही. इथे ६६० मेगावॉटचा नवा संच यावा ही तुमची मागणी जुनी आहे. तो येईल तेव्हा १०० मिलिग्रॅमच्या मर्यादेसकट यावा, एवढंच माझं म्हणणं. राखेच्या विटा करणारे, सिमेंटला राख पुरवणारे यांचंही काम या केंद्राच्या राखेवर चालतं.

जुन्या लहान संचांना परवडेल असं काही आहे का? आहे. दिल्लीजवळच्या दादरीत २१० मेगावॉटच्या संचांना कोरडी पद्धत बसवली आहे. धुराच्या वाटेवर सोडियम बायकार्बोनेटची भुकटी सोडायची, ती गंधकाला धरते आणि राखेबरोबर ईएसपीत अडकते. यात जागा कमी लागते, पाणी जवळजवळ लागत नाही. सोडियममुळे राख विजेला वाट देते, म्हणजे राखेची पकडही सुधारते. मात्र ती सोडियमयुक्त राख विटांना आणि सिमेंटला कितपत चालेल हे आधी तपासावं लागेल. राखेला हात लावला की गंधक हलतं, गंधकाला हात लावला की राख हलते. म्हणून दोघांचा विचार एकाच कागदावर व्हायला हवा.

तो कागद मागणं आपल्या हातात आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नाशिकच्या पीएम २.५ मध्ये सल्फेट किती आहे याचं रासायनिक विश्लेषण मागा, तेही डिसेंबर-जानेवारीचं वेगळं. चिमणीवरच्या चोवीस तास चालणाऱ्या मापकाची नोंद मागा, राख आणि गंधक शेजारी शेजारी मांडलेली. आणि एकलहऱ्याच्या तिन्ही संचांना कोणती पद्धत बसवणार, कधी बसवणार, हे लेखी मागा. त्यावर "हे संच आता बंदच व्हायचे आहेत" असं उत्तर आलं, तर ते बंद होण्याची तारीखही त्याच कागदावर लिहून मागा.